दोन मिनिटांचं काम

आमच्या ट्रेनिंगचा फोटो ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच काढून झाला होता. शहाजी, म्हणजे कंत्राटदाराचा सुपरवायझर, त्यानं आम्हा बायकांना नवीकोरी हिरवी जॅकेटं घालायला लावली, माझ्या हातात लाल झेंडा दिला, बॅनरसमोर उभं केलं, फोटो वर पाठवला आणि मग मॅडमना म्हणाला, "घ्या आता, पण जरा थोडक्यात घ्या. बायकास्नी कामावर सोडायचंय." ट्रेनिंग कसलं, तर रस्त्यावर काम करताना गाडीखाली कसं येऊ नये याचं. तेही थोडक्यात.

आमची टोळी बायकांची. डिव्हायडरमधलं गवत काढायचं, रस्त्यावरच्या पाट्या पुसायच्या, पडलेली फांदी उचलायची, गटाराच्या तोंडातला पाला काढायचा. टेम्पो थांबतो, आम्ही उतरतो, काम करतो, परत चढतो. साहेबलोकांच्या भाषेत याला कमी वेळाचं, कमी धोक्याचं काम म्हणतात. शहाजीच्या भाषेत दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचं, म्हणून रस्त्यावर कोन मांडायचे नाहीत, बोर्ड लावायचा नाही, टेम्पोसुद्धा धड आडवा लावायचा नाही. आमचे नारिंगी कोन कुठे असतात सांगू? शहाजीच्या ऑफिससमोर. त्याच्या मोटरसायकलची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून.

ट्रेनिंगच्या मॅडमचं नाव क्षिप्रा. सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहणारी, वयानं माझ्याहून लहान. मला वाटलं, आता इंग्रजी चित्रं दाखवेल आणि आम्ही जांभया देऊ. तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाली, "मोठं काम असलं की रस्ता अडवतात, दिवे लावतात, पोलीस येतो. छोट्या कामाला कुणी काहीच करत नाही. म्हणून माणसं छोट्या कामात मरतात." मला बाई आवडली. इतकं सरळ आमच्याशी कुणी बोललं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. गाड्यांकडे पाठ करून वाकायचं नाही. एकीनं दुसरं काहीही न करता फक्त गाड्यांवर लक्ष ठेवायचं, आणि तिचे कान, तोंड उघडं पाहिजे, स्कार्फ नको. येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं आपल्याला बघितलं, हे कळेपर्यंत नजर काढायची नाही. शिटी वाजली की हातातलं तिथंच टाकून डिव्हायडरवर चढायचं.

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. मॅडमना वाटलं, लाजतायत. मी बोलायला तोंड उघडलं तर शेजारी बसलेल्या दमयंती वयनीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी कळवळले. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्यामुळेच मी या कामाला लागले.

बोलायचं काय होतं ते आता सांगते. आम्ही इथल्याच. खाडीकाठचं आमचं गाव आता टॉवरांच्या मधोमध सापडलंय, आणि ज्या रस्त्यावर आम्ही गवत काढतो त्या रस्त्यानं आख्खं गाव जातं-येतं. चुलतसासरे, मामेभाऊ, नणंदेचा नवरा, सगळे. जमिनी गेल्या, तरी घराण्याचा ताठा गेला नाही. बायकोनं लांब कुठे जाऊन धुणीभांडी केली तर चालतं, दिसत नाही ना. पण गावच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खुरपं घेऊन बसायचं म्हणजे अब्रू गेली. म्हणून आमच्या बायका डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधतात, आणि गाड्या येतात त्या बाजूला पाठ करूनच बसतात. आणि गावचा माणूस गाडीतून जाताना काय करतो? ओळखतो, आणि मान फिरवतो. बाईला ओशाळं वाटू नये म्हणून बघितलं न बघितल्यासारखं करायचं. याला आमच्याकडे चांगुलपणा म्हणतात. असा चांगुलपणा चुलीत घालावा असं माझं मत आहे.

"लक्ष ठेवायला कोण उभी राहणार?" मॅडमनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मी केला. वयनी हळूच म्हणाली, "मेली, आता नवरा घराशी घेल काय तुना?"

नवऱ्यानं घरात घेतलं, पण जेवताना ताट सरकवलं. धनेश तळोज्याला एका कारखान्यात आहे. मशीनवर उभं राहताना हेल्मेट घातलं नाही तर त्याला गेटवरून परत पाठवतात, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

"स्कार्फ बांधून कर ना काय करायचा तो," तो म्हणाला.

"शिटी स्कार्फमधून वाजवू?"

"उघडा तोंड घेऊन झेंडा दाखवत उभी रेशील तू. परवा पक्षाच्या शाखेत पोरं मना विचारतील, तुजी बायको ट्रॅफिक पोलीस झाली काय."

"विचारलं तर सांग, हो. माझ्यामुळं तुझी वयनी जिवंत घरी येते म्हणून."

वयनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "माजा नाव नको घेव, बाय."

आमचा धाकटा दीर निकेश तेवढ्यात आला. निकेशचं सांगायचं तर सासू गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. वयनी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिनं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं. स्वतःला मूल झालं नाही, पुढे तिचा नवरा, आमचे थोरले भावोजी, तेही गेले, तरी तिनं माहेर गाठलं नाही ते या पोरासाठी. पोरगा शिकला. न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटकडे लागला, गाडी घेतली. आता त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीचं नाव रुतिका, नेरुळला फ्लॅटमध्ये राहणारी, वडील बँकेत. निकेशनं त्यांना सांगितलं होतं की माझ्या दोन्ही वयन्या घरीच असतात. मला हे कळलं त्या दिवशी मी कपबशी आपटली. वयनी उलट मला समजावत बसली, "पोराचा खरा हाय. लगीन होईपर्यंत गप रेव. मंग सांगल तो."

तर मी उभी राहायला लागले. तोंड उघडं, गळ्यात शिटी, हातात झेंडा, अंगात हिरवं जॅकेट. ट्रक, डंपर, स्कूलबस, मी सगळ्यांच्या डोळ्यांत बघायचे. परके ड्रायव्हर बघायचे, वेग कमी करायचे, एखादा हात पण करायचा. न्हावा शेव्याकडून येणारे कंटेनरवाले, ज्यांना सगळं जग शिव्या घालतं, ते माझा झेंडा बघून लांबूनच लेन बदलायचे. आणि गाववाले? एकाला अचानक आभाळात काहीतरी दिसायचं. एकजण आरशात केस बघायचा. धनेशचा मित्र तर एकदा असा मान वळवून गेला की मला वाटलं याचा मानेचा मणका सरकणार. ज्यांची नजर मला सगळ्यात आधी हवी होती, तेच नजर चोरत होते. माझं डोकं तापायचं. मी मुद्दाम जोरात शिटी मारायचे. त्यांना वाटायचं ही आपल्याला हाक मारते, मग ते आणखी जोरात गाडी हाणायचे.

वयनी माझ्यावर वेगळ्याच कारणानं चिडलेली. एक दिवस टेम्पोत सगळ्यांसमोर म्हणाली, "तुजा तोंड दिसला की पाठची मी, हे सगल्यांना कलतंय. आमचा स्कार्फ बांधून काय फायदा?"

"मग बांधू नको."

"तुना काय जातंय बोलायला. तुजा नवरा हाय."

विधवा बाईकडे गाव कसं बघतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण मी तिला एवढं मात्र म्हणाले, "शिटी वाजली तर वर चढशील ना? तेवढं तरी कर." ती म्हणाली, "चढते गो." आणि बाहेर बघत बसली.

तो दिवस शनिवारचा. आम्ही काम संपवून निघालो होतो. मॉलच्या अलीकडे यू-टर्नची पाटी आहे, तिच्यावर झाडाची एक मोडकी फांदी लोंबत होती. शहाजी टेम्पोत पुढे बसलेला, त्यानं टेम्पो थांबवला. "दमयंतीबाय, उतरा, तेवढी फांदी वडून काढा. दोन मिन्टाचं काम."

मी म्हटलं, "टेम्पो पाठी उभा करा. आडोसा होईल."

"अगं, तोवर फांदी निघून हुईल."

टेम्पो पुढेच राहिला. मी पळत पळत मागे गेले, डिव्हायडरला चिकटून उभी राहिले आणि झेंडा वर केला. वयनी पाटीखाली, रस्त्यावर उतरून फांदी ओढत होती. फांदी पाटीच्या खांबात अडकलेली.

दोन गाड्या नीट गेल्या. मग निकेशची गाडी आली. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत कुलदेवीचं नाव, मी लांबूनच ओळखलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानंही माझ्याकडे बघितलं. हे मी शपथेवर सांगते. त्याचा चेहरा कसा झाला तेही सांगते. शाळेत चोरी पकडलेल्या पोराचा होतो तसा. त्याच्या बाजूला रुतिका बसलेली. त्यानं लगेच मान डावीकडे वळवली, हात लांब करून तिला मॉलकडे काहीतरी दाखवायला लागला, तिनंही तिकडे बघावं म्हणून. एक हात मॉलकडे, एक हात स्टिअरिंगवर. आणि गाडी उजवीकडे सरकायला लागली. डिव्हायडरकडे. वयनीकडे.

मी शिटी फुंकली. फुप्फुसं फाटेपर्यंत फुंकली. त्याला वाटलं असणार, धाकटी वयनी आता सगळ्यांसमोर हाक मारतेय. तो वळून बघेचना. मी मागे वळून ओरडले, "वयनी, वर चढ!" वयनी रस्त्याकडे पाठ करून उभीच होती. फांदी तिच्या हातात तशीच.

पुढचं मी लिहिणार नाही. तिचा उजवा पाय गाडी आणि डिव्हायडर यांच्यामध्ये चेंगरला एवढंच सांगते. निकेश उतरला, तिला बघितलं आणि रस्त्यावर मट्कन बसला. रुतिका विचारत होती, "निकेश, कोण आहेत या? ओळखतोस का तू यांना?" वयनीला उचलून गाडीत मी आणि टोळीच्या बायकांनी घातलं. शहाजी फोनवर वरच्यांना सांगत होता, "बाईनं पाठ केली होती साहेब, ट्रेनिंग झालेलं होतं तिचं, फोटो हाय माझ्याकडं."

बघा, फोटो कशासाठी काढतात ते.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण पहिल्यासारखी चालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार जबाब घ्यायला येणार म्हणून निरोप आला, आणि त्याच्या आधीच माझ्यावर सगळे तुटून पडले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनपाशी.

शहाजीचं म्हणणं साधं होतं. बाईनं नियम मोडला, पाठ केली, असं तू सांग. तुझी नोकरी राहील. तुला मुकादम करतो.

धनेशचं म्हणणं, "त्याला वयनी दिसलीच नाय, फांदी आड आली, असा बोल. पोराचा लगीन हाय पुढच्या महिन्यान. केस झाली तर नोकरी पन जाईल त्याची. घरातला मानूस हाय मिताली, बाहेरचा नाय."

"आणि वयनी बाहेरची?"

"तिचा काय वाईट करतंय मी? ती पन हाच बोलंल, बघ तू."

तेच तर मला भ्या होतं. वयनी हेच बोलणार हे मला धनेशपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. आणि ती बोलली की कागदावर तिचीच चूक. कंत्राटदार हात झटकणार, लंगड्या बाईला परत कामावर कुणी घेणार नाही, आणि उरलेलं आयुष्य ती आमच्या घरात कोपऱ्यात बसून काढणार. दिराच्या लग्नात पाहुण्यांनी विचारलं तर सांगतील, घसरून पडली.

निकेश भिंतीला टेकून उभा होता. अंगावर कालचाच शर्ट. मी त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मना दिसली नाय वयनी."

माझा हात उठला होता. धनेशनं धरला.

हवालदार आला. भला माणूस होता, खुर्ची ओढून पलंगाशी बसला. वयनी औषधांच्या गुंगीत होती, तरी पदर सारखा करायला धडपडत होती. आम्ही सगळे भिंतीशी उभे. निकेश दारात.

त्यानं आधी मला विचारलं, "तुम्ही समोर होतात. गाडीवाल्याला बाई दिसली होती का?"

"तिला बघितलं का ते तो सांगेल. मला बघितलं. नजरेला नजर झाली. मग त्यानं मान फिरवली."

"मिताली," धनेश म्हणाला.

"फिरवली म्हणजे? फोन बघत होता?"

"नाही. आम्ही दिसू नये म्हणून."

हवालदाराचं पेन थांबलं. "असं कोण कशाला करेल?"

आता माझा राग इतका वर आला होता की मी सगळंच बोलले. "कारण आम्ही त्याच्या घरच्या बायका आहोत, साहेब. ही त्याची वयनी, हिनं त्याला वाढवलंय. आम्ही रस्त्यावर गवत काढतो याची यांना लाज वाटते. हाच एकटा नाही, आख्खं गाव मान फिरवून जातं. परका ड्रायव्हर आमच्याकडे बघतो म्हणून आम्ही वाचतो. घरचा बघत नाही. आणि हा सुपरवायझर, यानं टेम्पो मागे लावला नाही, कोन मांडले नाहीत, ते याच्या ऑफिससमोर आहेत, जाऊन बघा. तिनं पाठ केली होती, हो. का केली तेही लिहा. तिलाही लाज वाटायला लावलीय यांनी."

शहाजी म्हणाला, "हे सगळं कुठं लिवायचं असतंय व्हय साहेब?" धनेश खोलीच्या बाहेर निघून गेला.

हवालदार वयनीकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. शिटी ऐकू आली नव्हती का? कानावर स्कार्फ होता म्हणतात."

वयनीनं डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आता बोलेल, माझीच चूक. शहाजी पुढे सरकला.

"शिटी आयकली मी," वयनी म्हणाली. "गाडी पन बघितली. स्कार्फच्या आडून. पोराची गाडी मना लांबशी कलते."

"मग बाजूला का नाही झालात?"

"बाजूची पोर सून होनार हाय आमची. मी वर चढली असती, तर तिनं मना बघितली असती. पोराला वाईट वाटला असता. म्हनून पाठ केली, उभी रायली. मनान बोलली, जाईल तो निघून."

माझ्या तोंडातली सगळी शिवीगाळ तिथंच गोठली. मी इतके दिवस समजत होते, ती गावाला लाजते. ती एकट्या निकेशची लाज सांभाळत होती.

दारात निकेश तोंडात मूठ धरून रडायला लागला. "वयनी, मना दिसली होतीस तू. मना दिसली होतीस गो."

वयनीनं त्याच्याकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच बघितलं नाही. तिनं हवालदाराचं पेन बोटानं दाखवलं.

"तो काय बोलतंय ते लिवा," ती म्हणाली. "पाय माजा गेलाय."